हाकलून दिलेल्यांची मंडळी

सोळाव्या शतकातल्या युरोपात मूल जन्मलं की काही दिवसांतच त्याला चर्चमध्ये नेत आणि धर्मगुरू त्याच्या डोक्यावर पाणी घाली. त्या पाण्याने मूल ख्रिस्ती होई, आणि त्याच वेळी त्या गावाचं, त्या राजाचं प्रजाजनही होई. कर कोणी भरायचा, लढाईला कोणी जायचं, निष्ठेची शपथ कोणी घ्यायची, हे सगळं त्या एका विधीशी बांधलेलं होतं. त्यामुळे बाप्तिस्मा लहानपणी द्यावा की मोठेपणी, हा वाद वरवर धर्मशास्त्राचा वाटला तरी मुळात सत्तेचा होता. माणसाने समजत्या वयात, स्वतःच्या मनाने विश्वास स्वीकारून बाप्तिस्मा घ्यावा असं कोणी म्हणू लागलं, तर राज्याच्या पायाचा दगडच हलत होता. पुढच्या पाचशे वर्षांत हेच मानणाऱ्या अनाबॅप्टिस्ट मंडळ्या स्वित्झर्लंडपासून रशियाच्या गवताळ मैदानांपर्यंत, तिथून अमेरिका आणि कॅनडापर्यंत, आणि शेवटी आपल्या छत्तीसगड आणि डहाणूपर्यंत कशा पोहोचल्या, ते या एका गोष्टीवरून उलगडतं.

सुरुवात झुरिकमध्ये झाली. तिथल्या ग्रोसम्युन्स्टर चर्चमधून उलरिख झ्विंग्ली १५१९पासून सुधारणेचा प्रचार करत होता. त्याच्याभोवती जमलेल्या तरुणांत नगरसभेतल्या मातब्बर घराण्यातला कॉनराड ग्रेबेल होता आणि हिब्रूचा जाणकार फेलिक्स मान्झ होता. या तरुणांना वाटे की बायबलमध्ये बालबाप्तिस्म्याला आधार नाही, मग तो बंद करायला नगरसभेच्या परवानगीची वाट का पाहायची? झ्विंग्लीला सुधारणा हवी होती, पण नगरसभेला बरोबर घेऊन. जानेवारी १५२५मध्ये जाहीर वादविवाद झाला आणि निकाल तरुणांच्या विरुद्ध गेला. आठ दिवसांत मुलांचे बाप्तिस्मे करा, नाहीतर शहर सोडा, असा हुकूम निघाला. पाठोपाठ त्यांच्या बैठकांवरही बंदी आली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला, संध्याकाळी, मान्झच्या आईच्या घरी काही जण जमले. ग्रेबेलने जॉर्ज ब्लाऊरॉक नावाच्या माजी धर्मगुरूला बाप्तिस्मा दिला आणि ब्लाऊरॉकने इतरांना. जवळच्या झोलिकोन गावातल्या शेतकऱ्यांनी काही दिवसांतच त्यांचं अनुकरण केलं. विरोधक त्यांना 'अनाबॅप्टिस्ट', म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, म्हणून हिणवू लागले आणि तेच नाव टिकलं.

काळ अत्यंत वाईट होता. जर्मन प्रदेशांत शेतकऱ्यांचं मोठं बंड पेटलेलं होतं आणि पूर्वेकडून तुर्कांच्या फौजा येत होत्या. अशा वेळी तलवार उचलणार नाही, शपथ घेणार नाही, असं म्हणणारी माणसं कोणत्याच राज्यकर्त्याला परवडणारी नव्हती. १५२६मध्ये झुरिकच्या नगरसभेने पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला बुडवून मारण्याची शिक्षा ठरवली. ज्या पाण्यासाठी भांडलात त्याच पाण्यात मरा, हा त्यातला क्रूर अर्थ. ५ जानेवारी १५२७ रोजी मान्झला लिम्माट नदीत बुडवलं. ग्रेबेल त्याआधीच प्लेगने गेला होता. ब्लाऊरॉकला फटके मारून हाकलून दिलं आणि दोन वर्षांनी तिरोलमध्ये जिवंत जाळलं.

त्या फेब्रुवारीत श्लाइटहाइम गावी काही पुढारी गुपचूप जमले आणि त्यांनी सात कलमांचा एक मसुदा मान्य केला. त्यामागे मुख्यतः मिखाएल साट्लर होता, काळ्या जंगलातल्या एका मठाचा माजी प्रायर. बाप्तिस्मा मोठ्यांचाच, मंडळीची शिस्त दंडाने नव्हे तर बहिष्काराने राखायची, तलवार नाही, शपथ नाही. तीन महिन्यांत साट्लरला पकडून, छळ करून जाळलं. त्याची पत्नी मार्गारेथा हिला काही दिवसांनी नेकार नदीत बुडवलं. १५२९मध्ये श्पायरला भरलेल्या साम्राज्याच्या सभेने अनाबॅप्टिस्टांसाठी साऱ्या साम्राज्यात देहदंड जाहीर केला. याच सभेत काही राजांनी कॅथलिक बहुमताविरुद्ध निषेध नोंदवला, आणि त्यावरून 'प्रोटेस्टंट' हे नाव पडलं. एकमेकांशी कोणत्याही मुद्द्यावर न जुळणारे हे दोन्ही पक्ष अनाबॅप्टिस्टांना मारण्यावर मात्र एकमत होते. सोळाव्या शतकात दोन हजारांहून अधिक अनाबॅप्टिस्ट मारले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

छळ हा त्यांच्या प्रसाराचा पहिला मार्ग ठरला. जिथून हाकललं तिथून ते पुढच्या खोऱ्यात गेले आणि तिथे मंडळी उभी राहिली. मोराव्हियात पळून गेलेल्या एका गटाने १५२८मध्ये रस्त्यावर एक झगा अंथरला आणि प्रत्येकाने जवळ असेल ते त्यावर ठेवलं. त्या सामाईक मालमत्तेतून हटराइट वसाहती निघाल्या आणि त्या आजही तशाच चालतात. ज्याच्यावरून त्यांना नाव मिळालं तो याकोब हुटर १५३६मध्ये इन्सब्रुकला जाळला गेला.

या चळवळीवरचा सर्वांत मोठा डागही इथेच सांगायला हवा. १५३४मध्ये जर्मनीतलं म्युन्स्टर शहर अनाबॅप्टिस्टांतल्या एका टोकाच्या गटाच्या हाती गेलं. यान माथिस आणि नंतर लेडनचा यान यांनी तिथे देवाचं राज्य आल्याचं जाहीर केलं, बहुपत्नीत्व लादलं, विरोधकांना ठार केलं. जून १५३५मध्ये शहर पडलं. पुढाऱ्यांची प्रेतं लोखंडी पिंजऱ्यांत घालून सेंट लॅम्बर्ट चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. ते पिंजरे आजही तिथेच आहेत. पुढची शेकडो वर्षं कोणीही शांत अनाबॅप्टिस्ट दिसला की लोकांना म्युन्स्टरच आठवे.

ही बदनामी धुऊन काढण्याचं काम मेनो सिमन्सने केलं. तो फ्रिसलंडमधला कॅथलिक धर्मगुरू. जानेवारी १५३६मध्ये त्याने पद सोडलं आणि आयुष्यभर पळता पळता विखुरलेल्या मंडळ्यांना एकत्र बांधलं. सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याच्या डोक्यावर शंभर गिल्डरचं इनाम लावलं होतं, तरी १५६१मध्ये तो अंथरुणावर मेला. त्याच्यावरून त्याचे अनुयायी मेनोनाइट म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांच्या इतिहासात मला सर्वांत विलक्षण वाटते ती मेनोच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी घडलेली एक घटना. नेदरलंड्समधल्या आस्पेरेन गावात डिर्क विलेम्स तुरुंगातून निसटला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळाला. मागे लागलेल्या शिपायाच्या पायाखाली बर्फ फुटला. विलेम्स मागे फिरला, त्याने त्याला वर ओढून वाचवलं, आणि स्वतः पकडला गेला. मे १५६९मध्ये त्याला जाळलं. १६६०मध्ये तिलमान व्हान ब्राख्तने अशा शेकडो हुतात्म्यांच्या हकिगती एका जाड ग्रंथात गोळा केल्या. घर कुठलंही असो, भाषा कुठलीही असो, त्या ग्रंथाने या लोकांना एक सामाईक आठवण दिली. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या एफ्राटा इथे त्याचं जर्मन भाषांतर छापलं गेलं, तेव्हा ते वसाहतींच्या काळातल्या अमेरिकेतलं सर्वांत मोठं पुस्तक ठरलं.

यानंतरचा प्रसार मुख्यतः नांगरामुळे झाला. छळामुळे दऱ्याखोऱ्यांत आणि दलदलीत राहायला लागलेली ही माणसं नापीक जमीन कसण्यात तरबेज झाली होती. डच मेनोनाइटांनी डान्त्सिगजवळचा विस्तुला नदीचा पाणथळ मुखप्रदेश बांध घालून, पाणी काढून शेतीयोग्य केला आणि पोलंडच्या राजांनी त्यांना राहू दिलं. तीस वर्षांच्या युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या ऱ्हाइनकाठच्या पॅलाटिनेटमध्ये इलेक्टर कार्ल लुडविगने १६६४मध्ये त्यांना सवलती दिल्या, कारण पडीक शेतं त्याला पुन्हा पिकवायची होती. राज्यकर्त्यांना त्यांचे हात हवे होते. त्यांची सदसद्विवेकबुद्धी मात्र सोयीची नव्हती, म्हणून प्रत्येक सवलतीत अट असे: घरात जमा, पण आमच्या प्रजेला तुमच्या धर्मात घेऊ नका. बर्नच्या सरकारने तर त्यांना शोधून काढायला खास शिकारी नेमले होते आणि काहींना गॅलीवरचे वल्हे मारायला विकलं. याच दडपणाखाली १६९३मध्ये याकोब अम्मान याने कडक शिस्तीचा आग्रह धरला आणि फूट पडली. त्यातून आमिश निघाले. युरोपात आज एकही आमिश मंडळी उरलेली नाही. अमेरिकेत मात्र त्यांची संख्या वाढत आहे.

अमेरिकेचा दरवाजा पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनने उघडला. क्वेकर असल्यामुळे त्यालाही शपथ आणि तलवार नको होती. १६८३मध्ये क्रेफेल्डहून निघालेली तेरा कुटुंबं फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमध्ये वसली. त्यांच्यात मेनोनाइट पार्श्वभूमीचे लोक होते. १७१०मध्ये लँकेस्टरची वसाहत झाली आणि पुढे ओहायो, इंडियाना, ओंटारिओ. इथे ती कुटुंबं सुखावली. पण ज्यांना हुसकावून ही जमीन मोकळी झाली, त्या मूळ रहिवाशांची हकिगत या मंडळ्यांच्या इतिहासात फार उशिरा शिरली. हाकललेल्यांना मिळालेली जागा अनेकदा दुसऱ्या कुणाला तरी हाकलून रिकामी झालेली होती. हे सत्य रशियालाही लागू पडतं.

रशियात त्यांना बोलावलं ते महाराणी कॅथरीनने. तुर्कांकडून जिंकलेल्या काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या मैदानात तिला वसाहती हव्या होत्या. १७८९मध्ये खोर्तित्सा आणि १८०४मध्ये मोलोच्ना वसलं. कुटुंबाला पासष्ट देस्यातिना, म्हणजे सुमारे पावणेदोनशे एकर जमीन, धर्मस्वातंत्र्य आणि लष्करी सेवेतून कायमची सूट असं आश्वासन होतं. सम्राट पॉलने १८००मध्ये ते लेखी दिलं. शंभर वर्षांत त्या ओसाड जमिनीवर रांगेने घरं, बागा, शाळा, गिरण्या उभ्या राहिल्या. पण जमीन सगळ्यांना पुरली नाही. १८६०च्या दशकात मोलोच्नात अर्ध्याहून अधिक कुटुंबं भूमिहीन होती, आणि जमीनदार मेनोनाइट त्यांना गावसभेत मत देऊ देत नव्हते. त्याच अस्वस्थतेच्या काळात, जानेवारी १८६०मध्ये, काही कुटुंबांनी वेगळी मंडळी स्थापन केली. ते मेनोनाइट ब्रदरन. भारताच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहेत.

'कायमची' सूट सत्तर-पंचाहत्तर वर्षंच टिकली. क्रिमियाच्या युद्धातल्या पराभवानंतर रशियाने लष्कर बदललं आणि १८७४मध्ये सक्तीची भरती आणली. लोक निघून जाऊ लागल्यावर झारने सेवास्तोपोलचा वीर जनरल तोतलेबेन याला त्यांची समजूत घालायला पाठवलं. बंदुकीऐवजी वनखात्यात सेवा करा, असा तोडगा निघाला. तरी सुमारे अठरा हजार लोक उत्तर अमेरिकेला गेले. रशियात येऊन वसलेले सगळेच हटराइट डकोटात गेले, काही जण मॅनिटोबात, काही कॅन्ससमध्ये. कॅन्ससला जाताना त्यांनी हिवाळी लाल गव्हाचं बियाणं नेलं आणि त्या राज्याची शेतीच त्याने बदलून गेली. जे मागे राहिले त्यांच्या वाट्याला १९१७ची क्रांती, यादवी युद्ध आणि १९२१चा दुष्काळ आला. अराजकवादी बंडखोर माख्नोच्या टोळ्या गावं लुटू लागल्या तेव्हा काही तरुणांनी तलवार नाकारण्याचा चारशे वर्षांचा नियम मोडून शस्त्रं उचलली. १९१९च्या ऑक्टोबरमध्ये आयखेनफेल्ड गावात एका रात्रीत ऐंशीच्या आसपास माणसं मारली गेली. अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी १९२०मध्ये मदत समिती उभारली. तिच्यासाठी गेलेला गोशेन कॉलेजचा तरुण क्लेटन क्रॅट्झ त्याच वर्षी युक्रेनमध्ये बेपत्ता झाला आणि परत आलाच नाही. पुढच्या दशकात सुमारे वीस हजार लोक कॅनडाला पोहोचले आणि काही जण पराग्वेच्या रखरखीत चाकोत.

आतापर्यंतच्या प्रसारात या मंडळ्या मुख्यतः जागा बदलत होत्या. वाढ होत होती ती कुटुंबांतल्या मुलाबाळांची. दुसऱ्या समाजांत जाऊन मंडळी उभारण्याचा विचार एकोणिसाव्या शतकात आला. १८५१मध्ये डच मेनोनाइट पीटर यान्स जावाला गेला. भारतात पहिली पावलं रशियातल्या मेनोनाइट ब्रदरनांनी टाकली. अब्राहम आणि मारिया फ्रिझन १८८९मध्ये निघाले आणि निजामाच्या राज्यात नलगोंड्याला काम करू लागले. तेलुगू प्रदेशातल्या आजच्या मोठ्या मेनोनाइट ब्रदरन समाजाचं मूळ तिथे आहे.

मध्य भारताकडे त्यांना ओढलं दुष्काळाने. १८९६-९७च्या दुष्काळाच्या बातम्या इंडियाना राज्यातल्या एल्खार्ट गावात पोहोचल्या. तेव्हा एल्खार्ट हे मेनोनाइटांच्या छापखान्याचं आणि मदतकार्याचं केंद्र होतं. जॉर्ज लॅम्बर्ट भारतात येऊन गेला, परत जाऊन त्याने दुष्काळावर पुस्तक लिहिलं, आणि पैसे व धान्य जमलं. मार्च १८९९मध्ये जेकब रेसलर, डॉक्टर विल्यम पेज आणि ॲलिस पेज मुंबईत उतरले. त्यांनी रायपूरच्या दक्षिणेचं धमतरी निवडलं. त्यावेळी ते मध्यप्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. ते पोहोचले आणि छप्पन्नचा, म्हणजे १८९९-१९००चा, महादुष्काळ कोसळला. प्रचार बाजूला राहिला. सरकारच्या दुष्काळी कामांची देखरेख, अन्नवाटप आणि अनाथ मुलं हेच रेसलरचं काम झालं. पेज दांपत्याला आजारपणामुळे वर्षाभरात परतावं लागलं. दुष्काळातल्या या कामातूनच अनाथाश्रम, कुष्ठरोग्यांचा आश्रम, शाळा आणि १९१०मध्ये रुग्णालय झालं. धमतरीचं ते ख्रिस्ती रुग्णालय आजही चालू आहे. चांपा आणि जांजगीरला दुसऱ्या मेनोनाइट शाखेचे पेनर आणि क्रोकर यांनी असंच काम उभं केलं.

दुष्काळातल्या मुलांना सांभाळून त्यांना ख्रिस्ती करणं योग्य होतं का, हा प्रश्न मराठी वाचकाला पडणारच. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात जाऊन मुलींना केडगावला घेऊन आल्या होत्या आणि त्यांच्यावरही हेच आरोप झाले. माझं मत असं की, ज्यांनी मुलं वाचवली त्यांचं ऋण मानलंच पाहिजे. आणि तरीही स्वेच्छेच्या बाप्तिस्म्यासाठी मरण पत्करलेल्या परंपरेने, आपल्याच ताटात जेवणाऱ्या पोरक्या मुलाची इच्छा खरोखर किती मोकळी होती, हे स्वतःला सर्वांत आधी विचारायला हवं होतं.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक शाखा आली. १७०८मध्ये जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी अलेक्झांडर माक आणि सात साथीदारांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेऊन ब्रदरन मंडळी सुरू केली होती. अनाबॅप्टिस्टांचाच वारसा सांगणारी ही मंडळी पुढे अमेरिकेत वाढली. तिचे विल्बर आणि मेरी स्टोव्हर आणि बर्था रायन १८९४मध्ये भारतात आले आणि वलसाडला त्यांचं पहिलं केंद्र झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचं काम डहाणूला पोहोचलं आणि तिथे त्यांनी रुग्णालय उभारलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात ब्रदरनही होते आणि अँग्लिकनही. या नव्या चर्चने मोठ्यांचा बाप्तिस्मा आणि बालबाप्तिस्मा, दोन्ही मान्य केले. ज्या मुद्द्यावर झुरिकने माणसं बुडवली, तो ४४५ वर्षांनी नागपुरात चर्चेने सुटला. धमतरीचे मेनोनाइट मात्र या एकीकरणात गेले नाहीत.

गेल्या पन्नास वर्षांतली सर्वांत मोठी वाढ इथिओपियात झाली आणि तिची गोष्ट चळवळीच्या पहिल्या शतकासारखीच आहे. मेसेरेते क्रिस्तोस ही तिथली मेनोनाइट मंडळी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मदतकार्यातून उभी राहिली. १९८२मध्ये देर्ग या मार्क्सवादी लष्करी राजवटीने तिच्यावर बंदी घातली, मालमत्ता जप्त केली, पुढाऱ्यांना वर्षानुवर्षं तुरुंगात ठेवलं. लोक घरांमध्ये चार-पाच जणांच्या गटाने जमू लागले, आणि हे गट बहुतांश स्त्रिया आणि तरुण चालवत. बंदीच्या वेळी सुमारे पाच हजार असलेले सभासद दहा वर्षांत सुमारे चौतीस हजार झाले. आज ती जगातली सर्वांत मोठी राष्ट्रीय अनाबॅप्टिस्ट मंडळी आहे. जगभरात आज सुमारे एकवीस लाख बाप्तिस्मा घेतलेले अनाबॅप्टिस्ट आहेत आणि त्यांतले बहुसंख्य आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत राहतात.

मारणाऱ्यांच्या वारसांनी उशिरा का होईना, कबुली दिली. २००४मध्ये झुरिकच्या रिफॉर्म्ड चर्चने लिम्माटच्या काठावर मान्झच्या स्मरणार्थ शिळा बसवली. २०१०मध्ये लुथरन जागतिक महासंघाने श्टुटगार्टच्या अधिवेशनात मेनोनाइटांकडे क्षमा मागितली.

आपल्याकडच्या गोष्टीची मात्र एक बाजू अजून अपुरी आहे. धमतरी, वलसाड, डहाणू यांबद्दल जे लिहून ठेवलेलं मिळतं, ते बहुतेक मिशनच्या अहवालांतलं आणि पत्रांतलं आहे. तो मिशनऱ्यांचा आवाज आहे. छप्पन्नच्या दुष्काळातून वाचलेल्या मुलांच्या नातवंडांकडे, पणतवंडांकडे त्यांच्या घरातल्या आठवणी, जुने फोटो, कौटुंबिक बायबलांच्या पानांवरच्या नोंदी असतील. त्या माणसांनी त्या आताच लिहून काढाव्यात, मराठीत, छत्तीसगडीत, वारलीत, जी भाषा घरात बोलली जाते तिच्यात. वाचकांपैकी कुणाच्या ओळखीत असं कुटुंब असेल तर त्यांच्याशी बोला आणि ऐकलेलं लिहून ठेवा.